घरात माणसे भरपूर, तरी बाळंतीण एकटी? प्रसूतीनंतरचे मन, मेंदू आणि आधार

दीड महिन्याच्या लसीसाठी बाळ दवाखान्यात येते, तेव्हा सोबत आजी, बाबा, कधी आत्याही असते. बाळाचे वजन, दूध, शी-शू यांची चौकशी होते. मग मी आईला विचारते, "तुमची झोप कशी आहे?" पुष्कळदा उत्तर शेजारून येते, "झोपते की! बाळ झोपले की तीही झोपते." आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते.

घरात माणसे असणे आणि आधार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाळंतिणीच्या मेंदूत काय घडते?

वार पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी दोन-तीन दिवसांतच झपाट्याने खाली येते. त्याचा परिणाम मनःस्थितीवर होतो. गरोदरपणात मेंदूची रचनाही बदलते. २०१७ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये छापलेल्या संशोधनात स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे आणि बाळंतपणानंतरचे एमआरआय ताडून पाहिले होते. दुसऱ्याचे मन ओळखण्याशी संबंधित भागांत बदल दिसले आणि ते किमान दोन वर्षे टिकले. हा बिघाड नव्हे. बाळाच्या गरजा ओळखण्यासाठी मेंदू करत असलेली ही तयारी असावी, असे संशोधकांना वाटते.

त्यात भर पडते तुटक झोपेची. झोप कमी पडली की मेंदूतील भीती आणि धोका टिपणारा भाग (अमिग्डाला) जास्त संवेदनशील होतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग थकतो. त्यामुळे छोट्या बोलण्यानेही रडू येते, बाळाची अवाजवी काळजी वाटते.

विश्वासाचे माणूस सोबत असले, की ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल तुलनेने कमी वाढते. म्हणून आधार म्हणजे बाळंतिणीचे लाड नव्हेत. डिंकाचे लाडू आणि शेकशेगडीइतकीच त्याची गरज आहे.

नेहमीची हळवी अवस्था की नैराश्य?

* हळवेपणा: निम्म्याहून अधिक मातांना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू येते, चिडचिड होते. दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते.
* नैराश्य: उदासपणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकतो. बाळ झोपले तरी हिला झोप येत नाही. कशातच मन लागत नाही, बाळाबद्दल ओढ वाटत नाही, "मी वाईट आई आहे" असे सतत वाटते. भारतातील अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित आढाव्यानुसार हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे.
* तीव्र मनोविकार: भास होणे, असंबद्ध बोलणे, विचित्र संशय. हे हजारात एक-दोन मातांना होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. ही तातडीची अवस्था आहे. आईला आणि बाळाला एकटे न सोडता लगेच रुग्णालय गाठा. ही बाहेरची बाधा नाही.

कोणता आधार उपयोगी पडतो?

गोव्यात २७० मातांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांना नैराश्य होते. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले नाते आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे बारशाला आलेल्या पाहुण्याचे "आता पुढच्या वेळी मुलगा" हे वाक्यही तिच्या तब्येतीशी संबंधित आहे.

घरच्यांनी एवढे करावे:

* झोप द्या. दूध पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, झोपवणे हे बाबांनी किंवा आजीने करावे. दिवसातून एकदा तरी शक्य तितकी सलग झोप तिला मिळू द्या.
* ऐका. "आम्ही चार बाळंतपणे केली, आम्हाला नाही काही झाले" हे वाक्य टाळा. सल्ला न देता दहा मिनिटे ऐकले तरी पुष्कळ हलके वाटते.
* पाहुणे आवरा. बाळ बघायला येणाऱ्यांचा चहा तिने करायचा नाही.
* माहेरहून परतताना जपा. माहेरी मिळणारी विश्रांती सासरी परतल्यावर एकदम संपते. तेव्हा कामे हळूहळू तिच्याकडे येऊ द्या. दोघेच राहत असाल, तर कोण कधी मदतीला येणार ते आधीच ठरवा.

आधार देणारे माणूस शिकलेले डॉक्टरच हवे असे नाही. गोव्यातच नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्त्रियांची साथ देऊन पाहिली गेली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्यांच्यात बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते.

आधार पुरेसा नसेल तेव्हा

मायेने वागूनही नैराश्य येऊ शकते. तो घरच्यांचा दोष नाही आणि आईचा तर मुळीच नाही. दोन आठवड्यांनंतरही त्रास असेल तर डॉक्टरांना भेटा. दहा साध्या प्रश्नांच्या प्रश्नावलीने प्राथमिक अंदाज येतो. रक्तक्षय आणि थायरॉइडची तपासणीही करावी, कारण त्यांची लक्षणे अशीच असतात. समुपदेशनाने बऱ्याच जणी सावरतात. गरज पडल्यास स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधेही आहेत. मात्र ती स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

"मरून जावेसे वाटते का?" हे तिला स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

आणि तुम्ही स्वतः ती आई असाल, तर पुढच्या लसीच्या वेळी बाळाबद्दल बोलून झाले की डॉक्टरांना सांगा, "मला माझ्याबद्दलही बोलायचे आहे." शेजारून कोणी उत्तर दिले, तरी तुमचे उत्तर तुम्हीच द्या.