धनुष्याचा प्रवास

धनुर्विद्या हा भारतीयांना प्राचीन काळापासून परिचित असलेला विषय आहे. आजच्या स्पर्धांतील धनुष्य मात्र पुराणकथांतील धनुष्याहून पुष्कळ वेगळे आहे. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचे पुनरागमन झाले, तेव्हापासून तेथे रिकर्व्ह धनुष्य वापरले जाते. हे धनुष्य सुटे करता येते. मूठ असलेला त्याचा मधला भाग म्हणजे रायझर. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याच्या वर व खाली बसणाऱ्या लवचिक भुजांना लिम्ब म्हणतात. याखेरीज प्रत्यंचा, नेम धरण्याची साइट, धनुष्य स्थिर ठेवणारे स्टॅबिलायझरचे दांडे आणि बाण असा सरंजाम असतो.

सातारा जिल्ह्यातील सरडे या छोट्या गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये याच धनुष्याने भारताकडून खेळले. असे अनेक खेळाडू लहान गावांतून येतात. त्यांच्या धनुष्यात कुटुंबाची बचत गुंतलेली असते. प्रवासात त्याला इजा झाली, तर पैसा आणि वर्षभराची मेहनत दोन्ही वाया जातात. म्हणून धनुष्याची पेटी विचारपूर्वक निवडावी लागते.

किती लहानशी इजा महाग पडते, हे एका गणितावरून कळेल. लक्ष्य ७० मीटरवर असते. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर असून त्यावरील प्रत्येक वर्तुळपट्टा ६.१ सेंटिमीटर रुंद असतो. तिरंदाजाच्या डोळ्यापासून साइट सुमारे ९० सेंटिमीटरवर असते. ती एक मिलिमीटर जरी सरकली, तरी बाण लक्ष्यावर सुमारे पावणेआठ सेंटिमीटर दूर जातो, म्हणजे एक पट्टा ओलांडतो.

पेटी घेताना प्रथम माप पाहावे. प्रचलित रायझर २५ इंच, म्हणजे ६३.५ सेंटिमीटर लांब असतो; पण लांब स्टॅबिलायझर व बाण सुमारे ७५ सेंटिमीटर भरतात. पेटीची लांबी या सर्वांत लांब वस्तूवरून ठरवावी. विमानाने जायचे असल्यास दुसरी मर्यादा येते. पुष्कळ विमान कंपन्या नगाची लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत माप मान्य करतात. ८५, ४० व २० सेंटिमीटरची पेटी १४५ भरते. ती या मर्यादेत बसते.

यानंतर प्रवासाचे साधन विचारात घ्यावे. रेल्वे व बसच्या प्रवासात सामान खेळाडूच्या नजरेसमोर राहते. तेथे पाठीवर घेण्याची, आत ताठ फळ्या व बाणांची नळी असलेली पिशवी सोयीची ठरते. दोन्ही हात मोकळे राहतात. विमानात धनुष्यबाण हातसामानात नेता येत नाहीत. ते इतर जड सामानाखाली दाबले जातात. त्यासाठी चाके असलेली, कठीण प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पेटीच हवी. मात्र तिचे वजन मोजावे, कारण रिकामी पेटीही अनुमत वजनाचा मोठा वाटा घेते.

पेटी बाहेरून कितीही भक्कम असली, तरी आत वस्तू हलत असतील तर ती निरुपयोगी होय. जड रायझर मोकळा राहिल्यास तोच लिम्बवर आपटतो. म्हणून आतील फोममध्ये प्रत्येक भागासाठी स्वतंत्र खाच असावी. लिम्ब कापडी खोळीत ठेवावेत, साइट सोडवून वेगळी गुंडाळावी आणि बाण नळीत घालावेत. पेटी बंद करून हलवून पाहावी. आवाज आला, तर मांडणी सदोष आहे असे समजावे.

उष्णता हाही मोठा शत्रू आहे. लिम्बचे थर गोंदाने जोडलेले असतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पेटी ठेवल्यास ते पिळवटू शकतात. पावसाळ्यात ओले साहित्य पेटीत कोंडू नये. ते पुसून, वाळवूनच ठेवावे.

साइटची खूण, प्रत्यंचा व मूठ यांमधील अंतर अशी मापे वहीत टिपून ती वही हातसामानात ठेवावी. मुक्कामी पोहोचल्यावर धनुष्य जोडून ही मापे पडताळावीत आणि काही बाण सोडून पाहावेत. मापे जुळली, म्हणजे धनुष्य सुखरूप पोहोचले.