मोजून दिलेला पेग

महाराष्ट्रात परवाना जवळ नसताना दारू पिणे आजही कायद्याने गुन्हा आहे. परवाना मिळायला मात्र काहीच त्रास नाही. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, देशीचा २ रुपयांना. वर्षाचे १०० रुपये आणि जन्मभराचे १,०००. धारकाला आरोग्य टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, असे कारण त्यासाठी गृहीत धरलेले असते. लालबागच्या नाक्यावर, धोबीतलावच्या गल्ल्यांत, दादर स्टेशनबाहेर जुन्या बारवर ‘परमिट रूम’ ही पाटी दिसते, ती या कागदामुळेच. शहर या खोलीकडे दोन नजरांनी पाहते. काहीजण नाक मुरडून पुढे जातात, तर काहींना तिथले मंद दिवे, रेक्झिनचे बाक आणि भिंतीवरचे आरसे पाहून जुन्या मुंबईच्या आठवणींचे भरते येते. खोली प्रत्यक्षात काम काय करते, हे या दोघांच्याही नजरेतून सुटते. माझ्या मते परमिट रूम ही दारू पिण्याला माप, जेवण आणि साक्षीदार पुरवणारी संस्था आहे. जिच्या कायद्यातून ती जन्मली ती सरकारी यंत्रणाच आज कराच्या जोरावर तिचे गिऱ्हाईक फुटपाथवर ढकलते आहे, आणि ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई आधी गृहमंत्री आणि नंतर मुख्यमंत्री म्हणून त्याच्यामागे ठाम उभे होते. १९५१ मध्ये बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे वगळून तो उचलून धरला. बंदीने दारू संपली नाही, ती लपली. खाडीकाठी आणि झोपडपट्ट्यांत हातभट्ट्या पेटल्या. धोबीतलाव-बांद्र्याकडे गोवेकर ख्रिस्ती बायकांनी घरातल्या बाहेरच्या खोलीत टेबले मांडली. तिथे उकडलेली अंडी आणि चणे मिळत, चार माणसांची सोबत मिळे, पण ग्लासात नेमके काय आहे याची खात्री कोणी देऊ शकत नसे. १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी सैल केली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. परवान्यांची पळवाट तेवढी रुंद झाली आणि तिच्या तोंडाशी या खोल्या उभ्या राहिल्या. त्या बहुतांशी दक्षिण कन्नड आणि उडुपीकडच्या शेट्टींनी चालवल्या. त्यांच्यातले कितीतरीजण पोरवयात कपबशा विसळायला मुंबईत आले आणि कानडी रात्रशाळांत शिकत शिकत गल्ल्यावर पोचले.

परमिट रूमचा परवाना खाणावळीला जोडूनच मिळतो. स्वयंपाकघर नसेल तर खोली नाही. या एका अटीने मुंबईच्या बारचे रूप घडवले. मेन्यूकार्डावर तंदुरी आणि मंचुरियनच्या शेजारी सुरमई तवा फ्राय, बोंबील आणि कुंदापूरकडचे चिकन सुके नांदते. पहिल्या पेगबरोबर न मागता चणे किंवा शेंगदाणे येतात, मग मसाला पापड, मग भुर्जी किंवा मासळी आणि शेवटी बहुतेक टेबलांवर दाल खिचडी. पोटात अन्न असले की दारू रक्तात सावकाश उतरते, हे वैद्यकशास्त्र सांगते. चखण्याच्या बशीत ते शास्त्र रोज वापरले जाते. खोलीचे दोन भाग असतात, साधा आणि एसी. एकाच बाटलीचे दोन्हीकडे दर वेगळे. साध्या भागात टॅक्सीवाला, टेम्पोवाला, बँकेतला शिपाई, निवृत्त गिरणी कामगार बसतो. एसीत त्याच वस्तीतला दुकानदार किंवा इन्स्पेक्शनहून परतलेला इंजिनियर. इतक्या वेगवेगळ्या कमाईची माणसे एकाच छपराखाली, एकाच स्वयंपाकघरातले खातात, अशा जागा या शहरात फार उरलेल्या नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती काउंटरवरची एक क्षुल्लक वस्तू: पेग मेजर. डमरूसारखे हे धातूचे माप एका बाजूने ३० मिलिलिटरचे आणि दुसऱ्या बाजूने ६० चे असते. वैधमापन खात्याकडून ते तपासून घ्यावे लागते. काउंटरवाला माप काठोकाठ भरतो, क्षणभर थांबतो आणि ग्लासात पालथे करतो. हे गिऱ्हाइकाला दिसेल असे करायचे, हा अलिखित दंडक आहे. क्वार्टर मागवली तर १८० मिलिलिटरची बाटली टेबलावर येते आणि तिचे सील गिऱ्हाइकासमोरच तुटते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० चे बरोबर २५ पेग निघतात. म्हणून दिवसअखेर फोडलेल्या बाटल्या, विकलेले पेग आणि तळाशी उरलेला माल यांचा मेळ वहीत बसलाच पाहिजे. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस ती वही केव्हाही मागू शकतो. मापात खोट करणारे, स्वस्त माल महागड्या बाटलीत भरणारे मालक आहेतच, आणि वह्या नंतर जुळवूनही लिहिल्या जातात. तरीही फसवणूक शोधायला माप आहे, वही आहे, तक्रार करायला पत्ता आहे. वाइन शॉपमधून बाटली खिशात घालून निघालेल्या माणसाला आपण किती प्यायलो हे सांगणारे कोणी नसते. प्लास्टिकच्या ग्लासात हाताने ओतलेला घोट आणि मापाने दिलेला पेग यांत फरक आहे तो याच मोजणीचा.

माप दारूचे होते, माणसाचे माप वेटर घेतो. जुन्या बारमधला चांगला वेटर सात-आठ टेबलांचा हिशेब डोक्यात ठेवतो. कोणाला सोडा, कोणाला पाणी, कोण बर्फ घेत नाही, कोणाचा कितवा पेग चालू आहे. पुष्कळ ठिकाणी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या टेबलापाशीच राहू देतात, म्हणजे बिलाच्या वेळी वाद नको. त्याचे खरे कसब मात्र तिसऱ्या-चौथ्या पेगनंतर दिसते. आवाज चढलेल्या टेबलापाशी तो ‘रिपीट?’ असे विचारायला जात नाही. मेन्यूकार्ड पुढे सरकवून ‘साहेब, जेवायला काय सांगू?’ असे विचारतो. पाण्याचा जग आधी येतो आणि पेग सावकाश येतो. ‘लास्ट ऑर्डर’ची हाळी तर कायद्याच्या वेळेनेच द्यावी लागते. यावर कोणी म्हणेल की वेटरची टिप आणि मालकाचा गल्ला विक्रीवर चालतो, तो गिऱ्हाइकाला आवरेल कशाला? आक्षेप खरा आहे, आणि हमरस्त्यावरच्या किंवा एकदाच येणाऱ्या गर्दीवर जगणाऱ्या बारला तो पुरेपूर लागू पडतो. वस्तीतला बार मात्र त्याच शंभर-दीडशे तोंडांवर वर्षानुवर्षे चालतो. आज अति पाजलेला माणूस उद्या येत नाही, मारामारी झाली तर पोलीस येतात आणि परवाना धोक्यात पडतो. इथे वेटरचा संयम आणि मालकाचा फायदा बऱ्याच अंशी एकाच दिशेला जातात.

सर्वांत मोठा आक्षेप घरातून येतो आणि तो बायकांचा आहे. दारूने पगार जातो, मारहाण होते, मुलांची फी राहते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ची मतदाने लढवून दुकाने बंद पाडली, ती या अनुभवातून. त्यासाठी नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचे मत लागते, केवळ झालेल्या मतदानाचे नव्हे. इतकी अवघड अट पार करून आलेल्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे. खोलीची बाजू घेताना हे दुःख झाकायचे मला कारण नाही. पण दारू मुळीच नसणे आणि दारू न दिसणे यांत गल्लत होऊ नये. चंद्रपूरमध्ये २०१५ ला जिल्हाभर दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनेच अवैध धंद्याचे कारण देऊन ती उठवली. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मुंबईत तेव्हा परवान्याच्या दारूला बंदी नव्हती. मेलेले बहुतेक मजूर होते आणि परवान्याची दारू त्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. गडचिरोलीत गावे एकमताने बंदी राखतात तिथली गोष्ट वेगळी, कारण तिथे साक्षीदार म्हणून गावच उभे असते. महानगरातल्या चाळीच्या जिन्याखाली आणि रेल्वेलाइनीलगत असा कोणी नसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. ही खोली पुरुषांची आहे. ‘फॅमिली रूम’ची पाटी असली तरी एकटी बाई साध्या भागात येऊन बसली तर साऱ्या माना वळतात. ज्या जागेला मी वस्तीची संस्था म्हणतो, तिने अर्धी वस्ती बाहेर ठेवली आहे. याचे समर्थन होऊ शकत नाही. स्वच्छ बाथरूम, उजळ दिवे आणि बायकांनाही टेबल सहज मिळावे असा मालकांचा आग्रह, एवढ्यानेही बराच फरक पडेल. काही बारनी हे केलेही आहे. अशा बदलाला पैसे लागतात आणि उद्याही धंदा चालू राहील असा भरवसाही लागतो. गेल्या दहा वर्षांत तोच भरवसा सुटत गेला आहे.

पहिला धक्का न्यायालयातून आला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. भरधाव गाड्यांचा विचार करता हेतू योग्यच होता, पण शहराच्या पोटातून जाणारे महामार्गही त्यात सापडले. पालिका हद्दीतल्या जागांना जुलै २०१७ मध्ये मोकळीक मिळेपर्यंत कितीतरी खोल्या बंद राहिल्या. खरे तर मद्यपी वाहनचालकांना अटकाव करायचा असेल तर ज्या बारमधून माणूस पायी घरी जातो, तो बार जगवायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत वाइन शॉप मे महिन्यातच उघडू लागली, घरपोच दारूही सुरू झाली, परमिट रूमला मात्र ५ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. बंद खोलीत संसर्गाचा धोका अधिक, हे त्यामागचे कारण मान्य करावे लागते. पण त्या पाच महिन्यांत घरी आणि गल्लीत प्यायची जी सवय लागली, ती मोडायचा पुढे कोणी प्रयत्न केला नाही. उलट करांनी ती पक्की केली.

परमिट रूममध्ये बसून प्यायच्या दारूवर वेगळा व्हॅट लागतो. २०२३ च्या अखेरीस तो ५ टक्क्यांवरून १० झाला. वाइन शॉपमधून नेलेल्या त्याच बाटलीवर हा जादा भार नाही. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले गेले आणि १८० मिलिलिटरची किमान किंमत २०५ रुपयांवर गेली. देशीची किमान किंमत ८० ठरली. मध्ये ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा १४८ रुपयांचा नवा वर्ग आला. परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढले. ‘आहार’ या हॉटेलमालकांच्या संघटनेने १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवून निषेध केला. सरकारला यातून १४,००० कोटींचा जादा महसूल अपेक्षित होता, आणि महाग दारू कमी प्यायली जाते हा अर्थशास्त्राचा नियमही खोटा नाही. दारू महाग करण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो मापाने, जेवणासोबत, चार माणसांदेखत प्यायलेल्या पेगवर अधिक कर लावण्याला आणि खिशातल्या बाटलीला तो माफ करण्याला. साध्या भागातला टेम्पोवाला हे गणित चटकन करतो. तो क्वार्टर विकत घेतो, प्लास्टिकचा ग्लास आणि पाण्याचा पाउच घेतो आणि बंद दुकानाच्या शटरला टेकून उभ्या-उभ्या संपवतो. जेवण होत नाही, ‘लास्ट ऑर्डर’ होत नाही आणि घरी पोचतो तो अधिक लवकर, अधिक प्यायलेला.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. एसी नसलेल्या, स्वयंपाकघर चालू असलेल्या वस्तीतल्या खोल्यांवरचा दहा टक्के व्हॅट काढून तेवढाच भार बाहेर नेण्याच्या बाटलीवर टाकावा. तिजोरीला तोटा होणार नाही. बदल्यात मापाची तपासणी वरचेवर आणि खरीखुरी व्हावी, आणि बायकांना टेबल नाकारणाऱ्या जागेचे शुल्क वाढावे. परवान्यांचे नूतनीकरण ३१ मार्चला होते. या अटी घालायला सरकारला नवा कायदा करावा लागत नाही, नियमांत दोन ओळींची दुरुस्ती पुरते.