वामनवृक्षाच्या कुंडीसाठी मातीचे मिश्रण

वड, पिंपळ, उंबर यांसारखे वृक्ष उथळ कुंडीत लहान ठेवून वाढविण्याची कला मूळची चीनमधील असून जपानमध्ये ती विशेष विकसित झाली. तिला बोन्साय अथवा वामनवृक्षकला म्हणतात. रोपवाटिका असलेल्या शेतकऱ्यास हा पूरक व्यवसाय होऊ शकतो. परंतु अनेक वर्षे जोपासलेले झाड एकाच पावसाळ्यात मुळे कुजून मरते, असे पुष्कळदा घडते. त्याचे कारण बहुधा कुंडीतील मातीतच असते.

शेतातील सुपीक काळी माती कुंडीस योग्य नव्हे. ती भिजली म्हणजे फुगून चिकट होते आणि सुकली म्हणजे आकसून भेगाळते. शिवाय शेतात जादा पाणी खोल झिरपते. कुंडीत मात्र तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो. मातीचे कण जितके बारीक, तितका हा थर जाड. कुंडी अवघी दोन-तीन इंच खोल असल्याने बारीक मातीत बहुतेक मुळे पाण्यातच राहतात व हवेअभावी कुजतात. म्हणून मिश्रण कणीदार असावे.

जपानमध्ये याकरिता 'अकादामा' नावाची ज्वालामुखीजन्य कणीदार माती वापरतात. आपल्याकडे चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे हेच कार्य करतात. त्यांच्या छिद्रांत ओलावा टिकतो व फटींतून हवा खेळते.

मिश्रणाचे प्रमाण घमेल्याच्या मापाने पुढीलप्रमाणे घ्यावे :

(1) विटांचे तुकडे – 2 भाग
(2) नदीची जाड वाळू – 1 भाग
(3) कणीदार लाल माती – 1 भाग
(4) पूर्ण कुजलेले शेणखत – 1 भाग

विटा, वाळू व माती 5 मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल व 2 मिलिमीटरच्या चाळणीवर राहील, एवढ्याच जाडीची घ्यावी. खालची भुकटी टाकून द्यावी. चुना लागलेल्या जुन्या विटा व समुद्राची खारी वाळू वापरू नये. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात माती व शेणखत निम्मे करून तेवढे विटांचे तुकडे वाढवावेत.

झाड लावण्यापूर्वी मिश्रण कुंडीत भरून पाणी ओतून पाहावे. पाणी वर न साचता त्वरित तळाच्या छिद्रातून वाहू लागले, तर मिश्रण योग्य समजावे. साचल्यास विटांचे तुकडे आणखी मिसळावेत.

असे मिश्रण लवकर सुकते व त्यातील खतही पाण्याबरोबर वाहून जाते. यास्तव उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे, वाढीच्या काळात खत थोडे थोडे द्यावे आणि दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या आरंभी मिश्रण बदलावे.