लेकरांच्या हातांना काम द्या

आज आम्ही बोलणार आहोत तीन ते सात वर्षांच्या लेकरांविषयी. त्यांना चित्रं, मूर्ती, कोरीव काम दाखवायला न्यावं का, आणि नेलं तर तिथं काय करावं, हा आजचा विषय.

“एवढ्याशा पोराला त्यातलं काय कळतंय?” असं घरात कुणीतरी म्हणतंच. दुसरी एक गोष्ट आपण बोलत नाही, पण मनात असते. असल्या जागा आपल्यासाठी नाहीत, असं वाटतं. दारात शिपाई उभा, आत सगळे हळू आवाजात बोलणार, पोरानं काही पाडलं तर? म्हणून आपण जातच नाही. पोरालाही मग मोठं होईपर्यंत तेच वाटायला लागतं. पुढं शाळेच्या सहलीत सगळी मुलं प्रश्न विचारतात आणि आपलं पोर भिंतीला धरून उभं राहतं. आम्हाला काळजी आहे ती याची.

आता लहान मूल बघतं कसं, ते बघा. तुम्ही भाकरी थापायला बसलात की ते पिठाचा गोळा मागतं. बैल दिसला की बैलासारखं चालून दाखवतं. म्हणजे त्याचं बघणं हातानं आणि अंगानं होतं. “हात मागे घे, गप्प उभा राहा” असं म्हटलं की त्याचं निम्मं बघणं तिथंच बंद होतं.

ही गोष्ट आता मोठ्या संग्रहालयांनीही मानली आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय लोकांसाठी 1922 साली उघडलं. त्याच आवारात 2019 साली खास मुलांचं संग्रहालय सुरू झालं, एका जुन्या गोरखचिंचेच्या झाडाजवळ. तिथं मुलांनी स्वतः करून बघायचं असतं. या संग्रहालयाची एक बसही आहे. 2015 पासून ती वस्तू आणि खेळ घेऊन शाळांकडे, गावांकडे जाते. ती आपल्याकडे यावी असं वाटत असेल, तर मुख्याध्यापकांना पत्र लिहायला सांगा. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

पण मुंबई होईल तेव्हा होईल. आपल्या नाशिकजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच, पांडवलेणी आहे. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध लेणी आहेत. एकूण 24, आणि त्यातली जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. इथं कार्यक्रम घ्यायला बाहेरचं कुणी येणार नाही. तो आपणच करायचा.

तो कसा करायचा, ते आता क्रमानं सांगतो.

जाण्याआधी मुलांना एकच गोष्ट सांगा: डोंगरात माणसांनी छिन्नी-हातोड्यानं घरं कोरली आहेत, ती बघायला जायचंय. यापेक्षा जास्त सांगू नका. बाकीचं त्यांना सापडू द्या. सकाळी लवकर निघा, कारण पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ऊन वाढलं की मुलं कंटाळतात. पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी बरोबर घ्या. चार-पाच मुलांमागे एक बाई असावी.

वर गेल्यावर 24 लेणी दाखवायचा हट्ट धरू नका. लहान मुलांना दोन पुरतात. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली ठेंगणे, धष्टपुष्ट पुरुष कोरले आहेत. सगळ्या लेण्याचा भार त्यांनी खांद्यावर घेतलाय असं वाटतं. तिथं थांबा आणि विचारा, “हे काय करतायत?” मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, पण उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. आमच्या गटाबरोबर आलेल्या एका पोरानं विचारलं होतं, “यांचे खांदे दुखत नसतील का?” मग म्हणायचं, “चला, आपणही घर उचलू.” सगळी पोरं खांदे वाकवून उभी राहतात. कुणाला दम लागतो, कुणाला हसू येतं. त्या कोरणाऱ्यानं दगडात जे दाखवलं, ते पोराच्या अंगात उतरतं. मग खांबांच्या माथ्यावरचे प्राणी शोधायला लावा. हत्ती कुणाला सापडला, बैल कुणाला?

हात लावायचा प्रश्न येणारच. कोरीव कामाला हात लावायचा नाही, हे स्पष्ट सांगा, पण कारणासकट. एक हात लागला तर काही होत नाही, पण रोज शेकडो हात लागले की घाम, तेल बसतं आणि दगड झिजतो. देवळाच्या उंबऱ्याचा दगड पायांनी कसा गुळगुळीत झालेला असतो, ते मुलांनी पाहिलेलं असतं. ते आठवून दिलं की पटकन कळतं. आणि नुसतं “नको” म्हणू नका, त्या हातांना दुसरं काम द्या. कागद आणि पेन्सिल द्या. खडू किंवा कोळसा नको, नाहीतर भिंतीवर नावं उमटतील. मोठ्यांनी तो उद्योग आधीच पुष्कळ केलाय.

खाली उतरल्यावर सावलीत बसा. घरून भिजवून आणलेली माती प्रत्येकाला द्या आणि आठवणीतून काहीही करायला सांगा. हत्तीला पाच पाय झाले तरी दुरुस्त करू नका. “मला याची गोष्ट सांग” म्हणा. निघताना जागा झाडून घ्या.

मुलांबरोबर आपल्यालाही तिथं बघण्यासारखं आहे. तिसरं लेणं दान दिलं ते गौतमी बलश्री हिनं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं. तसा लेख तिथं कोरलेला आहे. अठरावं लेणं, म्हणजे चैत्यगृह, पुरं केल्याचा लेख भट्टपालिका नावाच्या बाईचा आहे. आठव्या लेण्याच्या लेखात दान देणारा एक कोळी आहे, त्याच्या कुटुंबासह. दहाव्या लेण्यातला लेख तर बचत गटानं वाचावा असा. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3,000 कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून ठेवली, 2,000 शेकडा एक दरानं आणि 1,000 शेकडा पाऊण दरानं. त्या व्याजातून भिक्षूंची सोय व्हायची. राजाची आई, कोळी, विणकर, सगळ्यांची नावनिशाणी या डोंगरावर आहे. मग ही जागा आपली नाही असं कोण म्हणेल?

ज्यांना लेण्यांपर्यंत जाणं जमणार नाही, त्यांनी गावातच सुरुवात करावी. पेठ, सुरगाण्याकडं वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं लिहितात. शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्याकडं चौक असेल, दारात रांगोळी असेल, येवल्याकडं पैठणीचा माग असेल. तिथं पोराला बसवा. पीठ त्याच्याही बोटाला लागू द्या, रांगोळीची एक कडा त्याची त्याला काढू द्या.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक ठराव करा. एक तारीख, एक जागा आणि दहा-बारा लेकरं ठरवा. अंगणवाडी ताईंना आधी विचारा. जाऊन आलात की मुलांनी केलेली माणसं, हत्ती अंगणवाडीच्या खिडकीत मांडा आणि आजी-आजोबांना बघायला बोलवा. गावातलं पहिलं कलादालन तेच. पोरं आपलं काम दाखवताना काय सांगतात, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू. नमस्कार.