चारचौघांसारखं वागताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात हडपसरच्या गाडीतळावर सिग्नल लाल असताना एक दुचाकी सटकते आणि मागोमाग आणखी चार जातात. बघणारा म्हणतो, "मेंढरं आहेत नुसती!" हा शेरा कितपत खरा?

गैरसमज १: कच्च्या मनाचेच लोक इतरांमागे जातात.

वस्तुस्थिती: १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन तरुणांना रेघांची लांबी जुळवायला सांगितली. गटातले बाकीचे प्रयोग करणाऱ्यांना आधीच सामील होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होते. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कुणीच चुकत नव्हतं. गटात मात्र सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकीच्या बहुमताकडे झुकली. चांगले शिकलेसवरलेले तरुण होते ते. तरीही चौघांतले तिघे एकदा तरी झुकले. एक मात्र शेवटपर्यंत ठाम राहिला.

गैरसमज २: गटामागे जाण्याचं कारण फक्त भीती.

वस्तुस्थिती: डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये दोन कारणं वेगळी केली. मागून हॉर्न वाजतात म्हणून सिग्नल तोडला, तर तो लोकांच्या नाराजीचा दबाव. पुढच्या सगळ्या गाड्या अचानक गल्लीत वळल्या म्हणून आपणही वळलो, तर तो त्यांच्या माहितीवरचा भरवसा. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने.

गैरसमज ३: सगळ्यांसारखं वागला, म्हणजे त्याला पटलं.

वस्तुस्थिती: मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट केलमन यांनी १९५८ मध्ये इतरांसारखं वागण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला वरवरचा. पुण्यात जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर आणि चौक ओलांडला की हँडलला, असं वागणारे या प्रकारातले. दुसरा आपलेपणाचा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला वेगळ्या होतात, माउलींची सासवडकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे. तिथवर मित्रांच्या ओढीने टोपी घालून चालणारा तरुण या प्रकारातला. तिसरा पूर्ण पटलेला. घरी कुणी बघत नसतानाही एकादशी पाळणारा माळकरी हा त्यातला. बाहेरून तिघंही फक्त 'सगळ्यांसारखे' दिसतात.

गैरसमज ४: एकट्याने वेगळं बोलून काही होत नाही.

वस्तुस्थिती: अ‍ॅश यांच्या प्रयोगात खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी झुकण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आलं. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही ते बरंच घटलं. म्हणून सोसायटीच्या सभेत नाजूक विषय असेल, तर हात वर करायला लावण्यापेक्षा चिठ्ठ्या घ्याव्यात. आणि सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणत असताना आपल्याला शंका असेल, तर ती विचारून टाकावी. गप्प बसलेल्या एखाद्याला तेवढाच आधार पुरतो.