धातूच्या मातीचे दागिने : आधी हिशेब

बचत गटांसाठी नवा धंदा सुचवताना आपले अनेक हितचिंतक हल्ली 'मेटल क्ले'चे नाव घेतात. काही भगिनी तर पाकिटे विकत घेऊन द्यायलाही तयार आहेत. त्यांचे मनापासून आभार. पण गटाने कर्ज उचलण्याआधी यातले आकडे आपण सर्वांनी समजून घेतलेले बरे. अंदाज चुकला तर हप्ते त्या बायकांनाच फेडावे लागतात.

मेटल क्ले म्हणजे धातूची अतिशय बारीक पूड, चिकटवणारा पदार्थ आणि पाणी यांचा मळलेला गोळा. जपानमधील मित्सुबिशी मटेरियल्स कंपनीत १९९० च्या सुमारास तो तयार झाला. कणकेसारखा लाटायचा, छाप उठवायचा, वाळवून भाजायचा. चिकट पदार्थ जळून जातो, धातूचे कण एकमेकांना धरतात आणि हातात खरा धातू येतो.

भाजताना वस्तू आकसते, आणि तिथेच पहिला हिशेब फसतो. कमी आकसणारी चांदीची माती साधारण १० टक्के आकसते. तांबे किंवा कांस्याची २० टक्क्यांपर्यंतही जाते. २० मिलिमीटरचे पदक हवे आणि माती २० टक्के आकसणारी, तर २४ चे करून भागत नाही. २० ला ०.८ ने भागायचे, म्हणजे २५ मिलिमीटर. पाकिटावरचा आकडा पाहून आधी एक नमुना भाजावा, मगच साचे कापावेत.

आता वजन. समजा कानातल्या एका जोडाला ६ ग्रॅम ओली माती लागते. वाळण्यात व कातरणात जाणारे १० टक्के धरले की ६.६ ग्रॅम. वीस जोडांना १३२ ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमची सहा पाकिटे. कातरण टाकू नये. पाण्याचे थेंब घालून पुन्हा मळता येते. उघडे पाकीट मात्र ओल्या फडक्याशेजारी झाकूनच ठेवावे.

चांदीची माती तेवढ्याच वजनाच्या साध्या चांदीहून बरीच महाग पडते. लहान वस्तू हातातल्या गॅस टॉर्चवर भाजता येतात, एवढीच तिची सोय. पाड्यावरच्या गटाने तिच्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तांब्याची माती स्वस्त, पण तिला बहुधा विजेची भट्टी, स्टीलचा डबा आणि त्यात भरायला सक्रिय कोळसा लागतो. दोन किलोवॉटची भट्टी पाच तास चालली तर जास्तीत जास्त दहा युनिट वीज. वीज मध्येच गेली तर अख्खा घाणा वाया जाऊ शकतो, हे बजेटात धरलेच पाहिजे. कोळशाचा धूर घातक असतो. भट्टी राहत्या खोलीत नको.

भट्टी समजा साठ हजारांची आणि तिच्यावर दीड हजार जोड निघाले, तर प्रत्येक जोडावर ४० रुपये चढतात. त्यात माती, वीज, हूक, पॉलिश पेपर, डबी आणि बनवणारीची मजुरी मिळवायची. मजुरीचा रकाना बहुतेक अर्जांत कोराच असतो. घरकाम उरकून केलेले काम फुकट समजले जाते.

म्हणून देणगी द्यायचीच असेल तर सुट्या पाकिटांऐवजी भट्टीत वाटा उचला. दोन-तीन गटांना मिळून एक भट्टी पुरते. आणि गटाचा अर्ज हाती आला, की पहिल्या नमुन्याचे भाजण्याआधीचे व नंतरचे माप त्यात आहे का, ते विचारा.