टीकेला कामाचे उत्तर

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. इथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. त्याआधी १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले होते. धर्मांतराच्या संशयावरून ‘केसरी’ने त्यावर कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंनी आपली ख्रिस्तश्रद्धा लपवली नाही, कामही सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना आसरा दिला.

वैऱ्यावरही प्रीती करा, ही ख्रिस्ताची शिकवण. पण क्षमा म्हणजे मान खाली घालणे नव्हे. कुणी आपल्या कामावर तोंडसुख घेतले, तर त्यातले खरे तेवढे घ्यावे, कडवटपणा तिथेच सोडावा आणि पुन्हा कामाला लागावे.